तळ्याचे मालक

तळ्याच्या पाळीवर चढले की मालक आधी टाच आपटायचे. जोरात, दोनतीनदा. मग आपल्याकडे बघायचे. "हालली का? बिलकुल न्हाई."

चहाच्या आधी पाहुण्याला ही पाळ बघावीच लागे. मी बियाणे कंपनीच्या कामाने वडीगोद्रीच्या बाजूला फिरायचो. त्यांच्या रानात आमचा कपाशीचा प्लॉट असे, त्यामुळे मी ती कितीदा पाहिली याला गणती नाही. लेकीच्या लग्नात जावयालाही त्यांनी आधी पाळीवर नेलं, मग मांडवात. नवरदेवाचे नवे बूट चिखलाने भरले आणि हे खूश.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल, ज्याने आयुष्यात एक गोष्ट उभी केली आणि मग तिच्यापलीकडे तो गेलाच नाही. यांनी तरुणपणी स्वतःच्या रानातल्या ओढ्यावर मातीची पाळ घातली. सोबत फक्त त्यांचा सालगडी, खालच्या बौद्ध वस्तीतला. दोघांनी बैलांनी माती ओढली, पुढे मोसंबीची बागही दोघांनीच लावली. गडी आल्याशिवाय ते भाकरीला हात लावत नसत. त्याच्या घरी मात्र कधी गेले नव्हते.

पाळीवर बाभळी माजल्या. घुशींनी बिळं केली. उन्हाळ्यात बागेला पाणी पुरावं म्हणून त्यांनी सांडव्याच्या तोंडाला वाळूची पोती लावली, म्हणजे तळं भरल्यावर जादा पाणी निघून जायची वाटच बंद. वस्तीतली माणसं सांगायला आली.

"मालक, पोती काढा. तळं आमच्या डोक्यावर हाय."

"माझं तळं मला ठावं हाय," म्हणत त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. मी विषय काढला तेव्हा म्हणाले, "साहेब, तुम्ही तुमचं बियाणं बघा."

त्या वर्षी परतीचा पाऊस थांबेचना. एका सकाळी मी त्यांच्या ओसरीत बसलो होतो, तोच गडी पळत आला.

"मालक, पाळीखालून पाणी येऊन राह्यलंय. गढूळ."

आम्ही तिघे धावलो. पाळीच्या पायथ्याला मांडीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून लाल पाणी उसळत होतं. "कडबा कोंब, पोती टाक, दाबून धर," मालक गड्याला म्हणाले. "मी आलोच."

आणि ते वस्तीकडे पळाले. मी मागे. एक चप्पल चिखलात राहिली तरी थांबले नाहीत. प्रत्येक दारावर थापा मारत ओरडत होते, "निघा! टेकाडावर चला, जल्दी!" एका म्हातारीला चालता येईना, तर तिला पाठीवर घेतलं. शेवटचं घर रिकामं झालं आणि पाळ गेली. आम्ही टेकाडावरून पाहिलं. पाणी घरांवरून गेलं. त्यांनी गड्याच्या नावाने एकदाच हाक मारली.

तो संध्याकाळी सापडला, ओढ्याच्या पार खालच्या अंगाला.

मालकांवर केस झाली. त्यांनी काहीच नाकारलं नाही. गड्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी ते विहारात आले आणि मागे भिंतीशी बसले. कार्यक्रम संपल्यावर गड्याची बायको त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मालक, आमाला समद्यायला पळा म्हणलात. मंग त्यांनाच का थांबवलं?"

गडबडीत सुचलं नाही, असं त्यांना म्हणता आलं असतं. तसं ते म्हणाले नाहीत.

"तो असल्यावर तळं वाचल, असं वाटलं मला."

ती वळून विहाराबाहेर गेली.

त्यानंतर ते रानात पाय ठेवायला गेले नाहीत. बाग वाळली. जालन्यात लेकीकडे राहू लागले आणि तिथेच यंदा गेले. अंत्ययात्रेला गर्दी नव्हती. गड्याची बायको आली होती. डोक्यावर पदर घेऊन फाटकाबाहेर उभी होती. तिरडी उचलली, गल्लीच्या टोकाला दिसेनाशी झाली, तोवर तिथेच होती.

मी गाडी काढली. "वहिनी, सोडतो तुम्हाला स्टँडवर."

"न्हाई," ती म्हणाली. "जाईन मी."

आणि ती रस्त्याच्या कडेकडेने चालू लागली.