पल्लवीचं कॉलेजकार्ड सोनाळ्याला जातं

मतदानाच्या दिवशी सकाळी बुलढाण्याच्या स्टँडवर मी नवरदेवाच्या काकासारखा रुबाबात उभा होतो. नोकरीनिमित्त मी इथं राहत असलो तरी माझं नाव अजून गावच्याच यादीत, सोनाळ्याला. पुतणी पल्लवी इथल्याच होस्टेलवर राहून शिकते. तिचं हे पहिलं मतदान, आणि तिला गावी न्यायचा मान माझा.

"काका, मतदार कार्ड तं अजून आलंच नाही, अन् आधार होस्टेलवरच राह्यलं. आणू का जाऊन?"

"कॉलेजचं कार्ड आहे ना गळ्यात? फोटो आहे, शिक्का आहे, प्राचार्यांची सही आहे. मी दर वेळी ऑफिसच्या कार्डावरच मत देतो. चल बस, गाडी सुटेल."

गाडी सुटली नाही. ड्रायव्हर चहाला गेला. मी आलुबोंडे (बटाटावडे) आणले. होस्टेलला दोनदा जाऊन येता आलं असतं, एवढा वेळ आम्ही ते खात बसलो.

घाट उतरला की पठाराचा गारवा मागं राहतो. मोताळ्यापुढं काळ्या रानात कापूस फुटला होता. जळगाव जामोदला गाडी बदलली, सातपुडा जवळ आला, संत्र्याचे बगीचे लागले. मी बोलत होतो. पल्लवीनं सगळ्या उमेदवारांच्या सभा मोबाइलवर ऐकून कोणाला मत द्यायचं ते ठरवलं होतं. मला मात्र सांगितलं नाही.

शाळेतल्या केंद्रावर रांगेत मी पुढं. कार्ड दाखवलं, शाई लावून घेतली, बटण दाबलं आणि नाटकातल्या राजासारखा वळलो. पल्लवी पहिल्या टेबलाशीच अडकली होती.

"हे नाही चालत, बेटा," चिखलीहून ड्युटीवर आलेल्या शिक्षिका म्हणाल्या. "आधार, लायसन, फोटोचं पासबुक, काही आहे?"

"काकाचं तं चाललं."

"ते सरकारी नोकरीचं आहे. विद्यार्थ्याचं नाही धरत."

सकाळपासून एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन पक्षांचे एजंट एका सुरात बोलले, "आमच्याच गावची पोरगी आहे ना म्याडम."

"असेल हो. मले कागद लागते."

मी घड्याळ पाहिलं. बुलढाण्याला जाऊन परत यायला दिवस पुरला नसता.

घरी वहिनींनी भाकरी-ठेचा वाढला. मतदान झालं की शाईची बोटं दाखवून सगळ्यांनी फोटो काढायचा, हा आमच्या घरचा रिवाज. बोट कोरं असलेली एकटी पल्लवी, म्हणून मोबाइल तिच्या हातात. मी वहिनींच्या मागं सरकलो.

"काका, बोट वर करा," ती म्हणाली. "काऊन लपवून राह्यले? तुमचं तं खरं कार्ड आहे."

सगळे हसले. मी बोट वर केलं.

परतीच्या गाडीत बसलो. घाट चढताना तिनं विचारलं, "काका, पुढचं मतदान कधी असते?"

तारखा, नियम, किस्से, माझ्या जिभेवर सगळं तयार असतं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"मले माहीत नाही, बाई," मी म्हणालो. "विचारून सांगतो."