अंबादासची हाळी

सुपातल्या निम्म्या मिरच्यांची देठं खुडून झाली होती, निम्म्या तशाच पडल्या होत्या. चिमणाबाई नाकाला पदर लावून शेजारच्या बायडाबाईंना सांगत होत्या, "औंदा मिरची बघायलाच तांबडी. तिखटाच्या नावानं बोंब!" एवढ्यात दारात एक उंच गडी येऊन उभा राहिला. अंगात लष्करी सदरा, हातात पत्र्याची ट्रंक. "अंबादासचं घर ह्येच का?" म्हणाला आणि जो शिंकत सुटला, तो थांबेचना.

"आत या की, पावणं," चिमणाबाई म्हणाल्या खऱ्या, पण हातातली मिरची हातातच राहिली.

एकोणपन्नास सालचा चैत्र तो. अंबादास हा चिमणाबाईंचा एकुलता एक. अंबाबाईच्या नवसाचा, म्हणून नावही तिचंच. कोल्हापूर-मिरज लाइनीवर तो रेल्वेच्या गँगमध्ये होता. रूळ सरकवायचा तर सगळ्यांच्या पहारी एका दमात लागाव्या लागतात. त्यासाठी एकजण हाळी देतो, बाकीचे 'हैय्या' म्हणून जोर लावतात. ही हाळी अंबादासची. तीत आज मुकादम गणपतरावांच्या मिशा, उद्या स्टेशनमास्तरांची सायकल, त्याच्या तडाख्यातून कुणी सुटायचं नाही. घरीही तोच प्रकार. "जेवताना तरी गप बस रं," चिमणाबाई म्हणायच्या.

"गप बसलो तर भाकरी खाली कशी उतरंल, आई?"

पलटणीत गेला तोही असाच. दोस्ताला भरतीचं भ्या वाटत होतं म्हणून सोबतीला गेला. दोस्त छातीत कमी पडून माघारी आला, आणि याचा आवाज ऐकून साहेबानं यालाच रांगेत उभा केला. "आई, बेळगावला जातो," म्हणाला. चिमणाबाईंना वाटलं, कुणाच्या लग्नाला चाललाय.

पुढं काश्मीरच्या लढाईत तो पडला. तार आली, तारेत पडल्याचं होतं, कसा ते नव्हतं. लोकांनी फोटोला हार घातले, चार शब्द चांगले बोलले. चिमणाबाईंचं मन मात्र एकाच जागी अडून बसलं. जन्मात कधी गप न बसलेलं पोर त्या परक्या मुलखात एकटं, मुकं पडलं असेल का? दर शुक्रवारी देवळात हात जोडून त्या एवढंच म्हणायच्या, "आई, शेवटाला त्याच्या तोंडात काय हुतं, तेवढं कळू दे." गँगमध्येही त्याची हाळी कुणी उच्चारेना. गणपतराव शिट्टी फुंकायचे आणि रूळ रडतखडत हलायचा.

गुळपाणी झालं. "मी बाळासो, नेसरीचा. त्याच्याच तुकडीतला, आव्वा."

"जवळ हुतास?"

"व्हय."

"मग सांग. गप हुता का?"

"गप? त्यो?" बाळासोला हसूच आलं. "पावसानं तोफ चढाला रुतलेली. समोरच्या डोंगरावनं गोळं पडत्यात. वडायला निम्मी गडी तोफखान्यातली, पंजाबी. मराठीचा एक शब्द कळंल तर शपथ! पर ह्येनं हाळी दिली आन् समदी 'हैय्या'!"

"कसली हाळी?"

बाळासोनं मिरच्यांकडं बघितलं, ट्रंकेकडं बघितलं. "ती... तुमच्या चटणीवर हाय, आव्वा."

बायडाबाईंनी पदर तोंडात कोंबला.

"म्हण," चिमणाबाई म्हणाल्या.

"नगं. पैल्यांदाच आलोय घरला."

"म्हण, न्हायतर जेवायला निस्ती चटणीच वाढीन!"

मग बाळासो उभा राहिला आणि असा ओरडला, की गल्लीतली पोरं दारात जमा झाली.

"आईची चटणी, हैय्या! जिभंला चटका, हैय्या! पाणी मागतोय, हैय्या! मुकादम काका, हैय्या!"

मग आवाज खाली आला. "चाक हातभर राहिलं हुतं. 'पाणी मागतोय' म्हणाला आन् गोळा पडला. हाळीची शेवटची वळ आमी म्हटली, आव्वा. पंजाब्यांनीबी. थांबलो असतो तर तोफ माघारी आली असती."

"गेली का वर?"

"गेली की!"

चिमणाबाईंनी देवीच्या तसबिरीकडं बघून हात जोडले. मग डोळे पुसले, ते मिरचीच्याच हातानं. झालं! नुसती आग! बायडाबाई तांब्या घेऊन धावल्या. "तिखटाच्या नावानं बोंब न्हवं?"

चिमणाबाई पाण्याचे हबके मारत रडल्या आणि हसल्याही. "खरंच हाय त्याचं. मुकादमानं बोटभर चटणी खाल्ली आन् गँगचा अख्खा माठ रिकामा केला हुता."

बाळासोला पोटभर जेवायला घातलं. मग त्यांनी फडताळातली गेल्या सालची चटणी काढून डबा भरला.

"कुणाला गं?" बायडाबाईंनी विचारलं.

"गणपतरावाला. म्हणते, शिट्टी ठेवा खिशात. पंजाबी गड्यांनी वळ पुरी केली, तुमच्या तोंडाला काय झालंय?"

मिरच्या सुपातच राहिल्या. बाळासोला पुढं घालून चिमणाबाई चटणीचा डबा द्यायला स्टेशनाकडं निघाल्या.