रोक आणि सासूबाईंचं विमान

आमची गाडी एकदा आमच्याच अंगणात अडकली, आणि तिला अडकवणारा मीच होतो.

अमिरातीतल्या अल ऐनला आम्ही भाड्यानं राहतो त्या व्हिलाचं अंगण सिमेंटचं आहे. तिथे मुलासाठी 'रोक' नावाचा खेळ मांडायचं मी ठरवलं. हा क्रोकेचाच भाऊ. लाकडी हातोड्यानं चेंडू मारून लोखंडी कमानींतून काढायचा. फक्त हिरवळीऐवजी टणक जमीन, आणि कडेच्या भिंतीवर आपटून चेंडू कॅरमच्या सोंगटीसारखा परत येतो. टणक जमिनीत कमानी खुपसता येत नाहीत (हे मी एक कमान वाकवल्यावर शिकलो). म्हणून शनिवारी सकाळी ड्रिलनं भोकं पाडली आणि कमानी चक्क सिमेंटमध्ये बसवल्या. दुपारपर्यंत सिमेंट दगड झालं.

"आता भूकंप आला तरी हलणार नाहीत," मी बायकोला अभिमानानं म्हणालो.

शबाना अंगणाकडे बघत राहिली. "गाडी कुठून काढणार?"

गाडी मागच्या भिंतीशी. फाटक समोर. मध्ये माझ्या कमानी. आणि संध्याकाळी दुबईहून सासूबाईंचं मुंबईचं विमान!

"पप्पा, वी आर ट्रॅप्ड," मुलगा खुशीत म्हणाला.

सासूबाई बॅगेवर बसून होत्या. "खेळाचं नाव काय म्हणालात?"

"रोक, अम्मी."

"मग बरोबर आहे. रोखलंन की गाडीला."

मी ईर्षेनं स्टीअरिंगवर बसलो. दोन कमानींच्या मधून गाडी निघेल, असा माझा अंदाज होता. गाडी पुढे आली. बंपर कमानीत अडकला.

नेमके तेव्हाच घरमालक आले. साठीचे अरब गृहस्थ, शब्द मोजून बोलणारे. त्यांनी भोकं पाहिली, बंपर पाहिला, मग मला पाहिलं.

"इदर क्या बनाया तुम?"

"गेम है, सर." घर गेलंच, असं मी धरून चाललो.

त्यांनी हातोडा उचलला आणि एक टोला दिला. चेंडू भिंतीवर आपटून परत आला आणि अलगद कमानीतून गेला. मालकांचा चेहरा फुलला.

"तोडने का नहीं. हम रोज आएगा. खलास, बात खतम."

शबानानं घाईघाईनं विमानाचं सांगितलं.

"यल्ला, चलो! बाहर हमारा पिकअप है."

शबाना आणि मुलगा घरीच राहिले; पुढच्या सीटवर मालकांशेजारी सासूबाई ऐटीत बसल्या. मागच्या सीटवर बॅगा, मी, आणि मालकांच्या दुबईच्या भावाकडे निघालेलं एक करडू. वाटेत त्यानं माझी कॉलर खाल्ली. मग कानाकडे वळलं.

विमानतळावर मी बॅगा उतरवत होतो. सासूबाई लेकीला फोनवर सांगत होत्या, "पोचलो गं. मालक फार सज्जन. जावई ना? होते की मागे, करडापाशी. एकदाच ओरडले... नाही गं, करडू कुठलं? ते बिचारं शांत होतं."