शिकागो किती लांब

उलव्याला आमच्या गॅलरीवरून विमान खाली उतरू लागलं की मला जुईनगरच्या जुन्या घरातला निलगिरी तेलाचा वास येतो. आई अंथरुणाला खिळली होती. मी तिच्या कानाशी फोन धरला होता आणि शिकागोचा दादा सांगत होता, "आई, विमानाने सोळा तास लागतात गं. लगेच कसा येऊ?"

"लई लांब हाय रं. नगं दमूस," आई म्हणाली आणि दाराकडे तोंड करून पडून राहिली. सकाळी ती गेली. एवढ्या अंतरापुढे दादा तरी काय करणार, असं वाटून मी त्याच्यासाठीही रडले.

दहाव्याला वहिनी सहज बोलून गेली, की तेव्हा ती दोघं पुण्यातच होती, तिच्या भावाच्या लग्नात. मी दादाकडे पाहिलं.

"मग? लग्न टाकून येणार होतो का?" तो म्हणाला. "आणि आई कुठे नाराज झाली?"