भोरड्या उडायच्या आधी

मुनीरभाई गेले तेव्हा मी त्यांच्याशीच बोलत होतो.
ते गेले हे मला कळलं नाही. मी बोलतच राहिलो.

मागच्या वर्षीची, रविवारची सकाळ. नाथसागराच्या काठावर मी एकटा उभा. समोर वेड्या बाभळी, अन् बाभळींवर रात्रीच्या मुक्कामाला उतरलेल्या हजारो भोरड्या.
मुनीरभाई शहरात, हॉस्पिटलच्या खाटेवर. भाभींनी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या उशीला टेकवून ठेवलेला.

मुनीरभाईंचं उस्मानपुऱ्यात चष्म्याचं दुकान. बरीच वर्षं आम्ही दोघं रविवारी पहाटे माझ्या मोटरसायकलवर पक्षी बघायला जायचो. पुढं काचबिंदूनं त्यांची नजर मंदावत गेली.

"गुरुजी, साऱ्या गावाला काचा बसवल्या, अन् माझीच काच खराब निघाली," म्हणून स्वतःच हसायचे.

पण यायचं सोडलं नाही. मी दुर्बीण लावून बोलायचं, त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. नाहीच जमलं यायला, तर फोनवर.

मी झेडपीचा मास्तर. सवयीनं पक्ष्याचं नाव, मूळ गाव, येण्याजाण्याचा रस्ता, सगळं सांगायला लागायचो.

"गुरुजी, शिकवू नका. दाखवा."

मग मी दाखवायचो. भोरडी म्हणजे गुलाबी पैरण, तिला काळ्या बाह्या, अन् डोक्यावर काळी टोपी.
थांबलो की ते म्हणायचे, "फिर?"
एवढंच. पण त्या एका शब्दावर मी तासभर बोलायचो.

लहानपणी गावाकडं ज्वारीच्या मचाणावर उभा राहून मी याच भोरड्यांना गोफणीनं हाकलायचो. हे कळल्यावर म्हणाले, "तेव्हा दगड, अन् आता दर्शन! लई पोचलेले आहात गुरुजी."

परत येताना मी पैठणला देवळात जायचो. ते बाहेर बसून माझ्या चपला सांभाळायचे.
"आमच्यासाठी पण मागा काहीतरी. तुमची वट हाय तिथं."
मी मागायचो. त्यांचे डोळेच मागायचो.

फाल्गुनात भोरड्या आपल्या मुलखाला परत निघतात. त्याआधी रोज संध्याकाळी या बाभळींवर जमतात, अन् उजाडलं की सगळ्या एकदम उठतात. हे उठणं मुनीरभाईंना सगळ्यात प्रिय.
"दिसत नाय, पण हवा लागते तोंडाला," म्हणायचे.

त्या सकाळी मी फोनवर तेच सांगत होतो. अंधार पातळ झालाय. फांद्या हलताहेत. फोन झाडांकडं धरून कलकलाट ऐकवला.

"फिर?" आवाज बारीक होता.

"तांबडं फुटलं भाई. आता गुलाबी दिसायला लागलं. थांबा, आता उडतील."

पुढचं "फिर?" आलं नाही.

तिथं रेंज नेहमी जाते. वाटलं, तेच असेल. झाडांकडं पाठ करून बांधावर चढलो. फोन उंच धरून "हॅलो, भाई, ऐकताय ना?" करत राहिलो. पाठीमागं धरणाचं दार उघडल्यासारखा आवाज झाला. वळून बघितलं तर बाभळी रिकाम्या.

मग भाभींचा आवाज आला.
"गुरुजी, बस. वो गए."

त्यानंतर मी पाण्यावर गेलो नाही. दुर्बीण खुंटीला.

पावसाळा सरल्यावर शाळेच्या पटांगणात परीट पक्षी आला. हिवाळ्याचा पहिला पाहुणा. शेपूट हलवत माझ्यासमोर फिरला. मी खिशातून फोन काढला. परत ठेवला.
घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "बरं." पोरगा म्हणाला, "पप्पा, फोटो टाका की ग्रुपवर."
त्यांची काही चूक नाही.
पक्षी बघताना एकटं वाटत नाही. बघून झाल्यावर वाटतं.

दिवाळीत दरवर्षीसारखा फराळाचा डबा घेऊन भाभींकडं गेलो. चहाचा कप पुढं करत त्यांनी हळूच विचारलं,
"गुरुजी, उस दिन आप बोले थे, अब उडेंगे. फिर उडे क्या वो?"
मी कप हातात घेतला.
"उनके कान में वही आखरी बात पडी थी. इसलिए पूछा."

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मी त्या उडताना बघितल्याच नव्हत्या. अन् त्या माणसाच्या शेवटच्या गोष्टीत मला खोटं घालवेना. चहा संपवला अन् उठलो.

रस्त्यातच ठरवलं, या वर्षी बघायचं अन् भाभींना सांगायचं. पण भोरड्या जमायचे दिवस आले तरी दर रविवारी काहीतरी काम काढत राहिलो. कधी पेपर तपासायचे, कधी पाहुणे. खरं तर तिथं उभं राहायची भीती वाटत होती.

त्यांच्या घरची बरसी त्यांच्या चांदाप्रमाणे होऊन गेली. कॅलेंडरची तारीख अजून पुढं आहे. माझं वर्ष मात्र रविवारांनी मोजलेलं, ते आज भरलं.

आज पहाटे गेलो. मागच्या सीटवर कुणी नाही, म्हणून गाडी खड्ड्यात जास्तच उडत होती.
आधीच बांधावर जाऊन उभा राहिलो, जिथं रेंज असते. तोंड झाडांकडं. देवाचं नाव घेतलं अन् फोन लावला.

"भाभी, बाभळींवर आहेत. अजून बसलेल्या."
"रुकिए गुरुजी." खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "हां. दिखाइए."

दाखवत गेलो. अंधार. फांद्या. तांबडं. गुलाबी पैरण, काळ्या बाह्या. "आता उडतील" म्हणालो, अन् थांबलो.

पलीकडून भाभी म्हणाल्या, "फिर?"

अन् भोरड्या उठल्या. आधी एका झाडावरून, मग सगळ्या झाडांवरून. पाण्यावर वळल्या, माझ्या डोक्यावरून गेल्या. तोंडाला हवा लागली. शेवटची भोरडी दिसेनाशी होईपर्यंत मी सांगत राहिलो.

मुनीरभाई, उडाल्या.
भाभींना सगळं दाखवलं.
आता निवांत झोपा. तुमच्या गुरुजीचा सलाम.