बर्फाला घाई, सहीला नाही

सोलापूरच्या मे महिन्यात आमच्या औषधाचा जीव फार नाजूक होतो. पाण्यात विरघळवलं की तासाभरात ते मोडायला लागतं. त्याची शुद्धता तपासायला आमच्या प्रयोगशाळेत महागडं एचपीएलसी यंत्र आहे. त्यातला नमुने थंड ठेवणारा कप्पा तेवढा बंद आहे. म्हणून रोज बर्फवाला लागायचा.

पोत्यात गुंडाळलेली लादी खांद्यावर घेऊन तो धावतच जिना चढायचा. टोच्याने बर्फ असा फोडायचा की एक खडा खाली सांडत नसे. त्याचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. आम्ही शिकलेली माणसं.

तरीही नमुने नापास होत होते. सगळी बॅच फेकायची वेळ आली होती आणि दोष माझ्या हातांना मिळाला होता. एकदा त्याने टेबलावर ठेवलेल्या, औषध विरघळवलेल्या बाटल्यांकडे बोट केलं.

"ताई, ह्या बाटल्या भाईर कशापायी?"

"वजनाच्या नोंदीवर साहेबांची सही झाली की बर्फात ठेवायच्या."

"मी बर्फ घिऊन पळत येतो, आन् तुमी हितं सहीची वाट बगत बसता व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी कोरड्या पुडीचं वजन केलं, सही आणली आणि मगच पाणी घातलं. बाटल्या लगेच बर्फात. नमुना पास झाला. साहेबांनी आपल्या या शोधाबद्दल सगळ्यांचं अभिनंदन नम्रपणे स्वीकारलं.

बर्फवाल्याचीही दखल घेतली गेली. बाहेरचा माणूस थेट प्रयोगशाळेत येतो म्हणून आता त्याला फाटकावरच अडवतात. परवानगीवर साहेबांची सही येईपर्यंत तो उन्हात उभा असतो, आणि खांद्यावरच्या पोत्यातून पाणी गळत राहतं.