भांडणं वगळून

"अहो आप्पा, बंद करा ते! कोण गेलंय का तुमच्यात?"

मी कुंपणावरून ओरडत होतो. धारेची वेळ होती आणि शेजारच्या आप्पांच्या गोठ्यात सीडीवर एक गोरा माणूस विहिरीच्या तळातून बोलावं तसा गात होता. मागं ढोल असा, की आमच्या झाडावर एक पेरू टिकेना.

आप्पांनी म्हशीच्या पोटाला टेकलेलं डोकं न उचलता ओठांवर बोट ठेवलं. "शूऽ. पान्हवतीय."

आता तुम्ही म्हणाल, हा थापा मारतो. मारतो. आमचं सगळं वरवंड गाव जाणतं. पण ही म्हैस खरी.

म्हैस मूळची काकूंची, म्हणजे आप्पांच्या बायकोची. काकूंचा आवाज खर्जातला. त्यांनी 'जेवायला या' म्हटलं की तिकडं पाटसला लोक हात धुवायचे. त्या आवाजाशिवाय म्हैस धार देत नसे. काकू वारल्या आणि म्हशीनं दूध चोरलं. आप्पांनी गूळ चारला, पाठ थोपटली, एकदा तर काकूंचं लुगडं नेसून बसले. म्हशीनं मान वळवून असं पाहिलं, की बिचारे लाजून उठले.

हडपसरहून लेक फोनवर म्हणाली, "दूध देत न्हाई तर इकून टाका आन् या माझ्याकडं." आप्पांना जायचं नव्हतं. गोठ्यात म्हैस आहे, घर कसं सोडू? एवढं एकच कारण त्यांच्यापाशी उरलं होतं.

आप्पांच्या मागच्या खोलीत मेघालयचा एक भाडेकरू होता. कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्ट करायचा. वैशाखातही काळे कपडे. एका संध्याकाळी त्यानं ही सीडी लावली आणि म्हशीनं कान टवकारले. बादली भरली, घमेलं भरलं, शेवटी मी आमचा हंडा दिला. सीडीच्या कव्हरावर वटवाघळं आणि पडकं चर्च. ते पाहून आमच्या मंडळींनी माझी दृष्ट काढली.

"अंकल, ये बँड का बेस्ट है," भाडेकरूनं सांगितलं. "झगडा करके सब अलग हो गये. बाद में अच्छे अच्छे गाने चुनके एक अल्बम निकाला."

आप्पांनी कव्हर उलटंपालटं करून पाहिलं. "म्हंजी भांडणं वगळली आन् गाणी ठिवली."

खोली सोडताना तो पोरगा सीडी आणि प्लेअर आप्पांनाच देऊन गेला.

आप्पा-काकूंची भांडणं आम्ही तीस वर्षं फुकटात ऐकली होती. त्यावर गावानं घड्याळं लावली असती. पण आता आप्पा वेगळंच सांगत. "मला ताप भरला तवा हिनं सायकलवर डबलसीट घेऊन दौंडच्या दवाखान्यात नेलं."

"आणि वाटेत शिव्या घातल्या त्या?" मी खवचटपणे विचारलं.

"त्या वगळल्या. निवडक तेवढं ठिवलंय."

म्हैस शेवटी आटलीच. म्हातारी झाली होती, तिला गाणं तरी किती पुरणार? लेकीनं गिऱ्हाईक पाहिलं, टेम्पो आला. आप्पांनी दावं स्वतः सोडलं आणि ते तसंच हातात धरून उभे राहिले. रविवारी लेक त्यांनाही न्यायला येणार होती. आता त्या घराला कुलूप आहे. धारेच्या वेळी मी अजून कुंपणापर्यंत जाऊन येतो. पेरू बघायला.

पण त्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी विहिरीतला तो आवाज पुन्हा सुरू झाला. मी धावत गेलो. गोठा झाडून लख्ख केलेला. आप्पा नेहमीच्या जागी उकिडवे बसलेले, डोकं खुंट्याला टेकलेलं, समोर भांडं नाही.

"अहो आप्पा, म्हैस गेली!" मी सवयीनं ओरडलो. "आता हे कुणासाठी लावलंय?"

आप्पांनी या वेळी ओठांवर बोट ठेवलं नाही.

"मी हाय की अजून," ते म्हणाले.